आबांच्या घरातला वारा

मे महिन्यात जळगावला निघाले म्हटल्यावर चिपळुणातल्या आमच्या आळीने मला जवळजवळ अखेरचा निरोपच दिला. एकीने पर्समध्ये कांदा ठेवायला सांगितलं, दुसरीने ग्लुकोजचा पुडा आणून दिला. आमचे हे स्वतः येणार नव्हते, म्हणून त्यांनी हापूसची पेटी बरोबर दिली. हंगाम सोडून हलता येत नाही, हे त्यांचं कारण. मला मात्र हलायलाच हवं होतं. माझ्या लेकीने, प्राजक्ताने, आयुष्यातलं पहिलं अख्खं घर आतून मांडलं होतं, आणि घरभरणीच्या दिवशी त्या घराची परीक्षा होती.

प्राजू पुण्यात काचेच्या ऑफिसांची आतली सजावट करायची. लग्न होऊन जळगावला गेली आणि तिथे तिने स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा नातेवाइकांनी माझी कीव केली. खान्देशात कोण घर सजवून घेणार, म्हणाले. मी खानावळवाली बाई, मला कुणाची कीव पचत नाही. माझ्या स्वयंपाकघरात पूर्वी धूर कोंडायचा. कॉलेजात असताना ही पोर सुट्टीत आली आणि गवंड्याला गाठून तिने छताजवळ एक खिडकी पाडून घेतली. माझा खोकला त्या खिडकीतून गेला तो गेलाच. तेव्हापासून माझा तिच्यावर विश्वास आहे. अर्थात, विश्वास असला तरी परीक्षा ती परीक्षाच.

पिंप्राळा, मंगळवार

जावई कामानिमित्त बाहेरगावी होते, त्यामुळे जळगावच्या पिंप्राळा भागातल्या तिच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. मी कोकणातली सवय घेऊन गेले होते. आमच्याकडे उकडायला लागलं की पहिलं काम खिडक्या उघडायचं. प्राजू साइटवर गेल्यावर मी दुपारी हॉलमधल्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. बाहेरून जे आत आलं त्याला वारा म्हणायला माझी जीभ वळत नाही. पोळ्या भाजताना तव्यावर वाकलं की तोंडावर येतं, तसलं काहीतरी होतं ते. संध्याकाळी भिंतीला हात लावला तर ती गरम.

"आई, काय केलंस हे!" प्राजू आली ती कपाळाला हात लावूनच. "इथे सकाळी ऊन चढलं की घर बंद करायचं, आणि रात्री उघडायचं. दिवसा वारा घ्यायचा तो फक्त सावलीतला."

"सावलीतला वारा वेगळा मिळतो का?"

"मिळवावा लागतो," ती म्हणाली, आणि पंखा लावला.

पंखा पाचावर होता. मी दोनावर आणायला गेले तर रेग्युलेटरचं बटण फिरेचना. प्राजू हसायला लागली. म्हणाली, होळीनंतर पाऊस येईपर्यंत इथे कुणी त्या बटणाला हात लावत नाही, ते पाचावरच गंजतं. त्याच संध्याकाळी मी खात्री करायची म्हणून शेजारच्या किराणा दुकानात, समोरच्या शिंप्याकडे, जिथे जिथे टेकले तिथे तिथे पाहिलं. सगळीकडे पाच. खान्देशात पंख्याचं बटण ही शोभेची वस्तू आहे, हे मी तेव्हाच मनाशी टिपून ठेवलं.

रात्री शेवभाजी खाल्ली. तिखटाची माझी ऐट त्या लाल रश्श्याने पहिल्याच घासाला उतरवली. नाकातून, डोळ्यांतून पाणी, आणि तरी हात थांबेना. भरिताची वांगी मात्र हुकली. असोद्याच्या वांग्यांचं भरीत खायचं तर थंडीत यायला हवं, असं शेजारीण म्हणाली. मी म्हटलं, मुलगी इथे आहे तोवर थंडीही येईल आणि मीही येईन.

पारोळ्याच्या पुढे, बुधवार

धुळ्याच्या रस्त्याने पारोळा मागे टाकलं की थोड्या वेळाने डावीकडे आबांचं गाव लागतं. प्राजूने मांडलेलं घर तिथलं. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, ढेकळं उन्हात तापत पडलेली. कोकणात डोळ्यांना हिरव्याची सवय असते, इथे हिरवं दिसलं की माणूस मान वळवून बघतो. गावात शिरताच तसं एक हिरवं दिसलं. मोठा कडुनिंब होता, आणि त्याच्या सावलीला पाठ लावून एक बसकं, चुन्यासारखं पांढरं घर.

"हेच?" मी विचारलं.

प्राजूने नुसती मान हलवली. ती बोलत नसली की घाबरलेली असते. लहानपणापासूनचं आहे.

आबा म्हणजे घराचे मालक, कापूसवाले शेतकरी, सडसडीत अंगाचे, डोक्यावर टोपी. अक्का त्यांची बायको. मुलं बाहेरगावी, घरभरणीला येणारी. अक्कांनी मला दारातच पाणी दिलं आणि माझी हापूसची पेटी उघडून एक आंबा हुंगला.

"वास भारी शे," त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "पण रसले आमना गावरानच बरा."

मी कोकणातून पेटी सांभाळत आणली होती. क्षणभर मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा रस खाल्ल्यावर मी तो राग मागे घेतला. हे चिपळुणात मी कुणाला सांगितलेलं नाही.

आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा नाकाला कळलं. नव्या घराला एक वास असतो, रंगाचा, प्लायवूडचा, डोकं चढवणारा. इथे तो नव्हताच. भिंतींना आतून चुन्याचा गिलावा होता, हात फिरवला तर गार आणि जरासा खरखरीत. जमीन चकचकीत फरशीची नव्हती, पायाला थंड लागणाऱ्या दगडी लाद्यांची होती. दारं, कपाटं, झोपाळ्याचा पाट, सगळं जुन्या सागवानाचं. गावातली मातीच्या छताची धाब्याची घरं पाडतात तेव्हा त्यांच्या सऱ्या, म्हणजे आडवी लाकडं, भंगारात निघतात. प्राजूने ती गोळा करून रंधून घेतली होती. काळपट लाकूड आतून मधासारखं निघालं होतं. खाली केळीच्या खोडाच्या धाग्याच्या चटया होत्या, यावलकडून आणलेल्या. पडदे जाड सुती कापडाचे. गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी, म्हणजे ऊन आल्यापावली परत जावं. आणि तिथेच एक कोपरा मोकळा ठेवलेला, अक्कांच्या कुरडया नि बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायला. पोरीने वाळवणाचासुद्धा विचार केला होता, हे बघून मला भरून आलं.

पण तिची खरी करामत मागच्या बाजूला होती. कडुनिंबाच्या सावलीतल्या भिंतीत, जमिनीलगत, विटांची लांब जाळी. जाळीच्या आत वाळ्याचे पडदे, आणि पडद्यांवर थेंब थेंब पाणी सोडणारी नळी. ती आबांच्याच शेतातली, ठिबकची जुनी नळी होती. सावलीतला वारा ओल्या वाळ्यातून आत यायचा, घरभर फिरायचा, आणि जिन्याच्या डोक्यावरच्या झरोक्यातून बाहेर पडायचा. झरोक्याच्या वर काळा रंगवलेला पत्र्याचा उंच डबा होता. तो उन्हात तापतो आणि आतली हवा वर ओढून घेतो, असं प्राजूने मला समजावलं.

"म्हणजे ऊन जितकं कडक, तितकी ओढ जास्त," ती म्हणाली. "उन्हालाच कामाला लावलंय."

मला अभिमान वाटला. साधासुधा नाही, छातीत मावेना असा. तेवढ्यात माझं लक्ष हॉलच्या भिंतीकडे गेलं. वरच्या बाजूला मनगट जाईल एवढं भोक होतं, आणि त्यात प्लास्टिकची पिशवी कोंबलेली.

"ते एसीनं," आबा म्हणाले, म्हणजे ते भोक एसीसाठी होतं. मग माझ्यासाठी जरा शहरी मराठीत आले. "ताई, तुमच्या मुलीचं ऐकून मी बाकी सगळं केलं. पण ती वारा वारा करते, तो मला तर कधी दिसला नाही. गावात लोक हसतात, एवढं घर बांधलं आणि एसी नाही. म्हणून मी सांगून ठेवलंय. उद्या दुपारी पाव्हणे जेवून या घरात निवांत झोपले, तर एसी नाही. नाही झोपले, तर परवा एसीवाला येस."

एसी म्हणजे नुसती पेटी टांगून भागणार नव्हतं. झरोका बुजवायचा, जाळी विटांनी बंद करायची, छताखाली दुसरं पांढरं छत ठोकायचं. म्हणजे प्राजूच्या घराचं नाक दाबायचं. त्यात भर म्हणजे यावलचे एक केळीवाले नाना उद्या मुद्दाम बघायला येणार होते. त्यांनाही घर बांधायचं होतं, आणि हे घर जमलं तर काम प्राजूला द्यायचं होतं. लेकीने मला हे आधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री तिने जेवण चिवडलं आणि मी तिला ओरडले. घाबरलं की मी ओरडते, हाही आमच्याकडचा जुना रिवाज.

घरभरणी, गुरुवार

पूजा सकाळीच आटोपली. ऊन चढलं तशी प्राजूने पुढची दारं-खिडक्या लावून घेतल्या, ठिबकची नळी सोडली. माणसं आत येऊन बसू लागली. कुणी भिंतीला पाठ लावून, कुणी झोपाळ्यावर. बाहेर अंगणात पाय ठेववत नव्हता, आत बायका पदराने वारा घ्यायच्या थांबल्या होत्या. मी प्राजूकडे बघून भुवया उडवल्या. तिने बोटाने गप्प बसायची खूण केली. यावलचे नाना आले, सगळ्या खोल्या फिरले, हुंकार दिला नि बसले.

खान्देशात असल्या दिवशी मांडे हवेतच. मी पुरणपोळी आयुष्यभर केली, पण ही वेगळीच जात. काळ्या मातीचं पसरट भांडं चुलीवर उपडं घालायचं, त्याला खापर म्हणतात. बाई पुरणाचा गोळा दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत उतरवत, तो रुमालाएवढा पातळ करते आणि खापरावर अलगद पसरते. मला हे बघायचंच होतं, म्हणून मी अक्कांना शोधत मागे गेले.

आणि जागेवर थिजले. अक्का आणि त्यांच्या जावेने चूल मांडली होती ती थेट कडुनिंबाखाली, मागच्या भिंतीला लागून, विटांच्या जाळीच्या तोंडाशी. त्यांचं चुकलं म्हणायचीही सोय नव्हती. अंगणात सावली तेवढीच होती. चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, नुकत्याच पेटत होत्या. धूर जरा वर आला, घुटमळला, आणि मग कुणी हाताला धरून नेल्यासारखा वळून जाळीतून घरात शिरला.

"अक्का, धूर!" मी ओरडले, पण तोवर आतून खोकल्याचा आवाज आला होता.

आत धावले. पहिली पंगत नुकती बसत होती. वाळ्याच्या पडद्यातून गारव्याच्या जागी धूर येत होता. पोरं डोळे चोळत होती. माणसं उठायला लागली. आबा संतापले होते. सगळंच बंद करायला ते जिन्याखाली जाऊन झरोक्याचं झाकण लावायची दोरी ओढायला निघाले.

"बंद करा ते बठ्ठं! म्हणून मी सांगस ना, एसी लावा!"

"आबा, नको!" प्राजूचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. "वरचं बंद करू नका. बंद केलंत तर धूर इथेच कोंडेल. चूल हलवा. दोन मिनिटं द्या मला."

आणि ती मागे पळाली. अक्कांची जाऊ आणि मी ओल्या गोणपाटाने खापर उचललं, प्राजूने फावड्याने पेटत्या पऱ्हाट्या ओढून घमेल्यात घेतल्या. तिची नवी साडी, जिचा काठ मी चिपळूणहून निवडून आणला होता, गुडघ्यापर्यंत राखेने माखली. घरभरणीच्या दिवशी घराला धुरी देणारी सजावटकार माझ्याच पोटी जन्मली, असा एक दुष्ट विचार मनात आला. खोटं कशाला बोलू.

आत परत आलो तेव्हा आवाज थांबले होते. सगळे उभे, पण कुणी खोकत नव्हतं. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. जाळीतून आता नवा धूर येत नव्हता. जो आत होता तो जमिनीलगत हॉलभर पसरला होता आणि सावकाश, मुकाट्याने, जिन्याकडे चालला होता. जिन्यापाशी वळत होता, पायऱ्या चढत होता, आणि वर झरोक्यातून उन्हात निघून जात होता. यावलचे नाना टोपी हातात धरून त्याच्या मागोमाग अर्धा जिना चढून गेले.

"दखा, दखा!" नाना वरून म्हणाले. "धूर कथा जाई ऱ्हायना दखा!" धूर कुठे चाललाय ते बघा, असं ते सगळ्यांना सांगत होते.

आबांनी हातातली दोरी सोडली. शेवटची पांढरी रेघ वर गेली आणि पुन्हा ओल्या वाळ्याचा वास आला.

"वारा दिसना," आबा म्हणाले. त्यांच्या बोलीत दिसना म्हणजे दिसला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते धुराच्या नावावर खपवलं. पण मला खरा अभिमान वाटला तो त्यानंतर. एवढं नशीब उघडलं होतं, दुसरी कुणी असती तर गप्प बसून वाहवा घेतली असती. प्राजू राखेच्या साडीत सगळ्यांसमोर उभी राहिली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मिक्सरला जागा केली, ओव्हनला केली, कुरडयांना केली. खापराला जागाच ठेवली नाही. अक्का, मी तुम्हाला विचारलंच नाही."

अक्का पदराला हात पुसत पुढे आल्या. "तू इचारं नही, मी सांगं नही," त्या म्हणाल्या. "माले वाटनं, शिकेल पोरना घरमा खापर कसाले?" शिकलेल्या पोरीच्या घरात खापर कशाला, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांच्याच घराबद्दल त्या असं बोलत होत्या. ते ऐकून प्राजूचा चेहरा जो झाला, तो मला अजून दिसतो.

तिने मग कोणाचं काही ऐकलं नाही. देवाजवळची रांगोळी उचलली आणि अक्कांना घेऊन अंगणाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात गेली. उन्हाळ्यात इथे वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे तिकडचा धूर घराकडे न येता रानाकडे जाणार. अक्कांना खाली बसायला लावलं. मांडा हातावर झेलताना कोपर कुठवर जातं, सरपण कोणत्या हाताला लागतं, सगळं करून दाखवायला लावलं, आणि त्यांच्या भोवती रांगोळीने रेघ मारली.

"याच मापाचा ओटा. वर पत्रा नाही, कौलं. आणि ही पहिली जागा असेल बरं का नाना," ती मागे वळून म्हणाली, "तुमच्या घरात."

नाना म्हणाले, "आमनाकडे खापर दोन लागतस." काम मिळालं ते असं. कागद नाही, बोलणी नाहीत.

तात्पुरती चूल त्या रेघेत मांडली, वर ताडपत्री धरली, आणि मांडे झाले. पातळ, जाळीदार, आतून पुरणाचा सोनेरी रंग दिसणारे. सोबत गावरान आंब्याचा रस, झणझणीत रशी, तळलेली कुरडई. मी किती खाल्ले ते विचारू नये.

जेवणं आटोपली, आणि माणसं जिथे जागा मिळेल तिथे कलंडली. केळीच्या चटयांवर, लाद्यांवर, झोपाळ्यावर. थोड्या वेळात घोरण्याचे चार-पाच वेगवेगळे सूर लागले. मी प्राजूला कोपराने ढोसलं.

"झोपले की गं! जिंकलीस!"

भिंतीशी टेकून पडलेल्या आबांनी डोळे न उघडता उत्तर दिलं. "मांडा खाईसन माणूस भट्टीमा बी झोपस, ताई."

आणि ते काही चूक नव्हतं. पुरण पोटात गेल्यावर झोप कुठेही लागते, मी खानावळवाली, मला ठाऊक आहे. परीक्षाच मुळी चुकीची ठरली होती. प्राजूने गुडघ्यात मान घातली. धूर दिसला होता, नाना पटले होते, पण घर आबांचं होतं, आणि भिंतीतल्या त्या भोकातली पिशवी पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होती. बाहेर ऊन असं होतं की अंगणातलं कुत्रंसुद्धा पाण्याच्या टाकीखाली शिरलं होतं.

मग आबांनी कूस बदलली. उपरणं खांद्यावर ओढलं, पाय पोटाशी घेतले, आणि झोपेतच, कुणाला म्हणून नाही, पुटपुटले,

"पंखा जरासा कमी कर रे."

प्राजूने मान वर केली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दोघींनी तोंडावर हात दाबले. ती उठायला लागली, पण मी तिला खाली बसवलं. काही मान आईचे असतात.

ते भोक दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतः गवंड्याकडून बुजवून घेतलं, आणि चिपळुणात आल्यापासून मी ही हकीकत भेटेल त्याला सांगतेय. लोक विचारतात, जळगाव-धुळ्याकडे काय पाहिलंस? मी सांगते, मे महिन्याच्या भर दुपारी खान्देशात एका घरातला पंखा पाचावर होता. मी झोपलेल्या माणसांमधून पाय जपत गेले, आणि माझ्या हाताने तो तिनावर आणला.